पीओ काढणाऱ्या परचेस विभागातून सोर्सिंगची टीम घडवताना

पुणे, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यात परचेसचं काम साधारण एकाच चाकोरीतून चालतं. इंडेंट (विभागाची मागणी) येतं, तीन कोटेशन मागवली जातात, कंपॅरिटिव्ह (तुलनातक्ता) बनतं, पीओ (खरेदीची ऑर्डर) सुटते आणि मग माल गेटवर येईपर्यंत फोनवर फोन. कधीतरी वरून हुकूम येतो की यंदा खरेदीत पाच टक्के वाचवा. लगेच सगळ्या बायर्सना हॉटेलात दोन दिवसांच्या वाटाघाटींच्या प्रशिक्षणाला पाठवलं जातं. परत आल्यावर ते सप्लायरला पूर्वी सांगायचे तेच सांगतात, "रेट जास्त आहे, काहीतरी कमी करा." फक्त आता जरा आत्मविश्वासाने.

वाटाघाटी हे या कामातलं शेवटचं कौशल्य आहे आणि ते शेवटीच शिकवावं. वस्तू कशी बनते, तिच्यात पैसा कुठे जातो, सप्लायरचं मशीन किती तास चालतं, हे ज्याला माहीत नाही त्याला बोलण्याची कितीही तंत्रं दिली तरी तो अंदाजानेच बोलणार. परचेसमधून सोर्सिंगची, म्हणजे वस्तूचा खर्च समजून सप्लायर निवडणारी आणि भाव ठरवणारी, टीम घडवण्याची पुढची मांडणी इंजिनिअरिंग किंवा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, परचेसमध्ये सहा ते आठ माणसं असलेल्या कारखान्यासाठी आहे. पहिला दृश्य परिणाम यायला सहा महिने आणि टीम स्वतःच्या पायावर उभी राहायला दीड ते दोन वर्षं लागतात. त्याहून कमी वेळाचं आश्वासन मॅनेजमेंटला देऊ नका.

आधी माणसं वेगळी करा

जो माणूस सकाळी लाइन बंद पडू नये म्हणून बोल्टांच्या मागे धावतो, तो दुपारी बसून कास्टिंगच्या खर्चाचा अभ्यास करू शकत नाही. तातडीचं काम महत्त्वाच्या कामाला रोज खाऊन टाकतं. म्हणून सहा जणांची टीम असेल तर तिघांकडे पीओ, शेड्यूल, फॉलोअप आणि जीआरएनची (माल मिळाल्याच्या नोंदीची) भानगड, दोघांकडे सोर्सिंग आणि एकाकडे डेटा, रेट मास्टर, करारांच्या तारखा अशी विभागणी करा. इतकी माणसं नसतील तर किमान मंगळवार आणि गुरुवारची पहिली अर्धी पाळी सोर्सिंगसाठी राखून ठेवा आणि त्या वेळात त्यांचे फॉलोअपचे फोन दुसऱ्याकडे वळवा. ही राखीव वेळ पहिल्या महिन्यात हमखास मोडते, कारण प्रॉडक्शन मॅनेजर थेट त्याच बायरला फोन करतो. त्याला वळण प्लांट हेडनेच लावावं लागतं. परचेस मॅनेजरच्या सांगण्याने तो ऐकत नाही.

सोर्सिंगसाठी कोणाला घ्यायचं? बोलण्यात तरबेज माणूस डोळ्यांसमोर येतो, पण ड्रॉइंग वाचता येणारा, आकड्यांचा कंटाळा न करणारा आणि शॉपवर जायला उत्सुक असलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. टूलरूम, मेथड्स किंवा क्वालिटीतला एखादा डिप्लोमाधारक परचेसमध्ये आणला तर व्यापाराची बाजू तो वर्षभरात शिकतो. उलट दिशेने, म्हणजे निव्वळ व्यापारी बायरला प्रक्रिया शिकवायला, जास्त वेळ जातो.

कोणाला किती येतं ते कागदावर बघा

एचआरचे चाळीस रकान्यांचे कौशल्य-तक्ते बाजूला ठेवा. स्वतःला गुण द्यायला सांगितलं की अनुभवी माणूस सगळीकडे ४ टाकतो आणि प्रामाणिक नवखा २. त्याऐवजी ९० मिनिटांची चाचणी घ्या. एका चालू पार्टचं ड्रॉइंग, सप्लायरची नावं झाकलेली तीन जुनी कोटेशन आणि मागच्या वर्षाचं शेड्यूल द्या. चार गोष्टी मागा: पार्ट कोणत्या प्रक्रियांतून बनेल त्याचा क्रम, कच्च्या मालाचं वजन, तीन कोटेशनमधला फरक कुठून आला असेल याचा तर्क आणि सप्लायरला विचारायचे पाच प्रश्न.

पेपर तपासताना वजन आधी बघा. पोलादाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ धरून ड्रॉइंगवरून वजन काढता येत नसेल, तर त्या माणसाचं शिक्षण तिथूनच सुरू होतं. प्रश्नांवरूनही खूप कळतं. "डिस्काउंट किती देणार?" हा पाचातला पहिला प्रश्न असेल तर समजायचं. हीच चाचणी सहा महिन्यांनी वेगळ्या पार्टवर पुन्हा घ्या. दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की प्रगती दिसते, वेगळा अहवाल लागत नाही.

खर्चाचे आकडे साफ करणं

गेल्या १२ महिन्यांचे पीओ आणि जीआरएन ईआरपीतून (कारखान्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधून) एक्सेलमध्ये काढा. जीआरएन यासाठी, की पीओ सुटलेला सगळा माल येतोच असं नाही. पहिली अडचण नावांची येते. एकच सप्लायर तीन कोडखाली बसलेला असतो: एकदा "इंडस्ट्रीज", एकदा "इंड.", एकदा शाखेच्या नावाने. नावं जुळवत बसू नका. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३०, आणि पुढची दहा म्हणजे पॅन. एक्सेलच्या मिड फंक्शनने तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं काढून त्यावर पिव्होट (बेरजेचा तक्ता) लावा. पुण्याचं आणि गोव्याचं बिल एकाच मालकीखाली येतं की नाही ते तिथल्या तिथे कळतं. भावाभावांच्या दोन फर्म मात्र वेगळ्या पॅनच्या असतात. त्या पकडायला पत्ता आणि बँक खात्याचे रकाने ताडून बघा. तुमच्या "तीन कोटेशन"पैकी दोन एकाच घरातली निघतात ती इथेच.

वस्तूंच्या नावांचा गोंधळ याहून मोठा. "बेअरिंग ६२०५", "६२०५ बेअरिंग", "बॉल बेअरिंग ६२०५ झेडझेड" अशा तीन कोडवर तीन रेट सापडतात. सगळा मास्टर एकदम साफ करायला घेतला तर वर्ष जातं आणि माणूस कंटाळून नोकरी सोडतो. आधी खर्चाच्या उतरत्या क्रमाने वरचे ८० टक्के रुपये व्यापणाऱ्या ओळी घ्या. त्या एकूण कोडांच्या मानाने थोड्याच असतात. त्यांना वीस-पंचवीस कॅटेगरींत टाका: कास्टिंग, फोर्जिंग, शीटमेटल, मशिनिंगचं जॉबवर्क, फास्टनर, रबर, प्लेटिंग, पॅकिंग, कटिंग टूल्स, वाहतूक वगैरे. हे काम सोर्सिंगच्या माणसांनी स्वतः करावं. ट्रेनीकडून करून घेतलं की तक्ता मिळतो, पण त्यातली माहिती कोणाच्याच डोक्यात राहत नाही.

इथे अनेक जण पीटर क्रालजिक यांची १९८३ची चार खान्यांची मांडणी घेऊन बसतात: एका बाजूला नफ्यावरचा परिणाम, दुसऱ्या बाजूला पुरवठ्याची जोखीम. मांडणी चांगली आहे, पण तिला एका दुपारपेक्षा जास्त वेळ देऊ नका. तिचा खरा उपयोग एवढाच, की दहा दुकानांत मिळणाऱ्या ६२०५वर आणि एकाच ठिकाणी बनणाऱ्या खास सीलवर सारखाच वेळ घालवायचा नाही, हे टीमला पटतं.

पहिली कॅटेगरी: खोके

शिकण्यासाठी पहिली कॅटेगरी पोलाद घेऊ नका. तिथे दोन-चार मोठ्या गिरण्या भाव ठरवतात आणि नवशिक्याच्या हाती काही लागत नाही. ग्राहकाने सप्लायर ठरवून दिलेले पार्टही नकोत. कोरुगेटेड खोके उत्तम. जवळपास पाच-सहा सप्लायर असतात, वस्तू साधी असते, किमतीत कागदाचा वाटा मोठा असतो आणि चूक झाली तरी लाइन बंद पडत नाही.

पहिला धडा वजनकाट्यावर घ्या. समजा पाच प्लायचा (थरांचा) खोका ठरलाय: वरचा कागद १५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), बाकी चारही १२०, आतल्या दोन थरांना बी फ्लूटच्या वळ्या. वळ्या पडलेला कागद सपाट कागदापेक्षा जास्त लागतो. बी फ्लूटसाठी तो साधारण १.३५ पट धरतात, म्हणजे १२०चे १६२ होतात. बेरीज १५० + १६२ + १२० + १६२ + १२० = ७१४. खोक्याच्या सपाट भागातून बरोबर १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि क्वालिटीच्या काट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोला. आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणलं की बोर्डाचा जीएसएम मिळतो. तुकडा ७.१ ग्रॅम आणि वर गोंदाचं थोडं वजन, एवढा भरायला हवा. ६ ग्रॅम भरला तर कागद खाल्लाय.

पावसाळ्यात हीच चाचणी फसते. कागद ओल धरतो आणि वजन वाढतं, त्यामुळे हलका बोर्डही पास होतो. तुकडा एक दिवस एसीच्या खोलीत ठेवून मग तोला. शिवाय वजन बरोबर आलं म्हणून खोका मजबूत असतोच असं नाही, हलक्या बर्स्टिंग फॅक्टरचा (बीएफ, म्हणजे फाटेपर्यंत किती दाब सोसतो त्याचं माप) कागद वापरूनही तेवढंच वजन गाठता येतं. म्हणून पीओवर जीएसएमबरोबर बीएफही लिहा आणि तिमाहीत एकदा बाहेरच्या लॅबमधून तपासून घ्या. याच कॅटेगरीत टीम आणखी एक गोष्ट शिकते: चाळीस मापांचे खोके पंधरा मापांवर आणणं. त्यातली बचत बहुतेक वेळा रेटमधल्या बचतीपेक्षा मोठी निघते, आणि तिच्यासाठी सप्लायरशी भांडावं लागत नाही, स्वतःच्या डिस्पॅचशी भांडावं लागतं.

किंमत उलगडणं

आता मुख्य काम. सोर्सिंगच्या माणसाला कोटेशन हातात पडण्याआधी स्वतःचा हिशेब मांडता आला पाहिजे. कारखान्यात याला शुड-कॉस्ट म्हणतात. सॉफ्टवेअरची घाई करू नका. पहिले पन्नास हिशेब साध्या एक्सेलवर होऊ द्या, नाहीतर माणूस आकडे भरायला शिकतो आणि प्रक्रिया समजून घेत नाही.

सुरुवात मशीन अवर रेटपासून करा, कारण सगळ्यात जास्त दामटून सांगितला जाणारा आकडा तोच असतो. समजा ४० लाखांचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं संगणकचलित मशिनिंग सेंटर) आहे. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या भागातले घालून घ्या. आयुष्य आठ वर्षं धरलं तर घसारा वर्षाला ५ लाख. सरासरी २० लाख भांडवलावर १० टक्क्यांनी व्याज २ लाख. देखभाल १ लाख, जागेचा वाटा ६० हजार. एकूण ८.६ लाख. दोन पाळ्या, आठ-आठ तास, ३०० दिवस म्हणजे ४,८०० तास. त्यातले ८० टक्के प्रत्यक्ष चालतात असं धरून ३,८४० तास. ८.६ लाख भागिले ३,८४० म्हणजे तासाला २२४ रुपये. सरासरी ८ किलोवॉट आणि १० रुपये युनिटने वीज ८० रुपये. दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर, प्रत्येकी महिना २५ हजार खर्चाने, तासाला १५६ रुपये. बेरीज ४६०. वरखर्च आणि नफा मिळून २० टक्के धरले की ५५२.

आता तेच मशीन एकाच पाळीत चालवून बघायला सांगा. तास १,९२० होतात. स्थिर खर्च तासाला ४४८, वीज ८०, ऑपरेटर तेवढाच १५६. बेरीज ६८४ आणि २० टक्क्यांनंतर ८२१. मशीन तेच, माणूस तोच, पण रेट जवळजवळ दीडपट. हे एक गणित स्वतःच्या हाताने केलं की बायरचा सप्लायरकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलतो. ८०० रुपये मागणारा सप्लायर लुटतोच आहे असं नाही, त्याचं मशीन रात्री बंद असेल. त्याची दुसरी पाळी भरेल इतकं काम देता आलं तर रेट आपोआप उतरतो. रेट कमी करण्याचा सर्वांत टिकाऊ मार्ग हाच.

यावर पूर्ण पार्टचा हिशेब बसवा. ग्रे आयर्नचं (बिडाचं) हाउसिंग, कास्टिंग १० किलो, रेट किलोला ९२ रुपये. कास्टिंगचे ९२०. सायकल टाइम (एक पार्ट करायला लागणारा वेळ) लोडिंग-अनलोडिंग धरून १४ मिनिटं, ५५२ रुपयांनी १२९. कटिंग टूल्स १५. इथवर १,०६४. त्यावर दोन टक्के रिजेक्शन २१, पॅकिंग-वाहतूक २५, कास्टिंग हाताळणी पाच टक्क्यांनी ४६. निघालेली बरी (कापताना पडलेला धातूचा चुरा) १.८ किलो, किलोला २५ रुपयांनी ४५ वजा. उत्तर १,१११ रुपये.

सप्लायरचं कोटेशन १,२३० आलं. पूर्वीचा बायर म्हणाला असता, "अकराशेला करा." आता ब्रेकअप (खर्चाची फोड) मागितला तर दिसतं की त्याने सायकल टाइम २० मिनिटं धरलाय आणि कास्टिंगचा रेट ९८. सायकल टाइमचे ५५ रुपये, कास्टिंगचे ६० आणि त्यावरची हाताळणी व रिजेक्शन पाचेक रुपये, म्हणजे ११९ रुपयांचा जवळजवळ सगळा फरक दोन प्रश्नांत सापडला. दोन्हींची उत्तरं तपासता येतात: पहिल्याचं स्टॉपवॉचने, दुसऱ्याचं फाउंड्रीच्या बिलावरून. आणि २० मिनिटंच खरी निघाली तर चूक तुमच्या हिशेबात आहे. तसंही होतं, विशेषतः फिक्स्चर (पार्ट पकडणारी चौकट) दोनदा बदलावं लागत असेल तेव्हा.

कास्टिंगच्या रेटच्या आत शिरायचं असेल तर टीमला कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत दोन दिवस उभं करा. तिथे यील्ड समजतं. इंडक्शन फर्नेसमध्ये टनभर धातू वितळवायला सुमारे ६०० युनिट वीज लागते असं धरा. यील्ड ६५ टक्के असेल तर टनातून ६५० किलो कास्टिंग निघतं, म्हणजे किलोला ०.९२ युनिट. यील्ड ५५वर आलं की १.०९. रनर-रायझरचं (साच्यात धातू नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांचं) लोखंड परत भट्टीत जातं, ते वाया जात नाही. पण ते वितळवायची वीज आणि मजुरी दरवेळी नव्याने लागते. वीज १० रुपयांनी धरली तर फक्त विजेचाच फरक किलोला पावणेदोन रुपये, आपल्या हाउसिंगवर सतरा रुपये. मग गेटिंग (साच्यात धातू सोडण्याची रचना) बदलण्यासाठी फाउंड्रीला वेळ आणि ट्रायल देणं परचेसला परवडतं. ही गोष्ट वर्गात बसून कोणाला सुचत नाही.

या टप्प्यावर नेहमी होणाऱ्या चुका तीन. नेट वजनावर माल धरणं आणि कापून गेलेलं विसरणं. शीटमेटलमध्ये ब्लँकचं (पार्टसाठी कापलेल्या पत्र्याचं) वजन, भंगाराची टक्केवारी आणि भंगाराचा भाव या तिन्हींची नोंद हवीच. दुसरी, टूलिंगचा खर्च पार्टच्या किमतीत मुरवून घेणं आणि ठरलेली संख्या पूर्ण झाल्यावर तो काढायला विसरणं. यावर तारखेची नाही, संख्येची आठवण लावा. तिसरी चूक उत्साहाची: शुड-कॉस्ट पैशापर्यंत बरोबर आहे असं समजून सप्लायरच्या अंगावर जाणं. पाच टक्के इकडेतिकडे होणारच.

शिकवणार कोण? बहुतेक शिक्षक कारखान्यातच असतात. टूलरूमचा फोरमन डायबद्दल, कॉस्टिंगचा अकाउंटंट वरखर्चाबद्दल, स्टोअरकीपर पॅकिंग आणि तुटफुटीबद्दल, क्वालिटीवाला रिजेक्शनबद्दल. निवृत्त फाउंड्रीमन किंवा प्लेटिंगवाला महिन्यातून दोन दिवस मानधनावर मिळाला तर सोन्याहून पिवळं. आठवड्याला ९० मिनिटं ठरवा, विषय नेहमी त्या आठवड्यात आलेलं खरं कोटेशन. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे पदविका अभ्यासक्रम किंवा सिप्स या ब्रिटनमधल्या खरेदी-व्यावसायिकांच्या संस्थेची प्रमाणपत्रं चांगली आहेत, पण माणसाने तीस-चाळीस हिशेब हाताने केल्यानंतर. तेव्हा त्याला पुस्तकातलं कुठे लागतं ते कळतं.

सप्लायरच्या शॉपवर काय बघायचं

ऑफिसात बसून चहा आणि प्रेझेंटेशन ही भेट नव्हे. दोन तासांपैकी दीड तास शॉपवर घालवा आणि बरोबर क्वालिटीचा माणूस न्या. आपल्या पार्टच्या पाच सायकल स्टॉपवॉचने मोजा. पहिली सोडून द्या, कारण सगळे बघत असतात तेव्हा ती जास्तच नीट होते. रिजेक्शनच्या पेटीत हात घाला: कप्पा रिकामा आणि धुतलेला असेल तर संशय घ्या. इतर कोणाचं काम मशीनवर लागलंय, किती मशीन बंद आहेत, दुसऱ्या पाळीचं हजेरीपत्रक, गेज कॅलिब्रेशनच्या तारखा, आपले डाय आणि पॅटर्न कुठे आणि कसे ठेवलेत, हे सगळं त्याच दिवशी संध्याकाळी एका पानावर लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या अहवालात आठवणीपेक्षा सौजन्य जास्त असतं.

डाय-पॅटर्नवर आपला असेट नंबर कोरलेला असावा. वाद झाला की टूल कोणाचं हा पहिला प्रश्न उठतो, आणि रंगाने लिहिलेला नंबर तोवर उडालेला असतो.

दुसरा सोर्स उभा करायला किती वेळ लागतो हेही टीमला शॉपवरच कळतं. कास्टिंगचं नवं पॅटर्न, सँपल, मशिनिंग ट्रायल, पीपॅप (पार्टच्या मंजुरीची ठरलेली कागदपत्रं), ट्रायल लॉट, ग्राहकाची मंजुरी असं सगळं मिळून चार ते सहा महिने सहज जातात. वाहनउद्योगात पीपॅपची वेगळी पातळी ठरलेली नसेल तर तिसरी धरली जाते आणि तिची कागदपत्रं लहान सप्लायरकडे तयार नसतात. ती बनवायला तुमचाच माणूस बसवावा लागतो. हा वेळ न धरता "पुढच्या तिमाहीपासून बचत" असं मीटिंगमध्ये बोलून मोकळं होणं ही नव्या टीमची हमखास चूक.

करार, बिल आणि कायदा

वकील होण्याची गरज नाही, पण चार गोष्टी तोंडपाठ हव्यात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. त्यावर आकलन वर्ष २०२४-२५ पासून आयकरातली ४३बी(एच) तरतूद आली: मुदतीत न दिलेलं बिल प्रत्यक्ष भागवलं त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येतं. म्हणजे ९० दिवसांची उधारी मागून रेट कमी केल्याचा आनंद अकाउंट्सवाल्यांकडे जाऊन महाग पडतो. सप्लायरचं उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) दरवर्षी तपासा. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत, लघु उद्योगासाठी गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत, त्यामुळे काल मध्यम असलेला आज लघु झालेला असू शकतो. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी असली तरी उशिराच्या पैशांचं हे संरक्षण नाही.

जीएसटीत पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे गेले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. आणि त्याने रिटर्न भरलं नाही तर बिल तुमच्या २बीमध्ये (क्रेडिटच्या मासिक जीएसटी विवरणात) दिसतच नाही. दर महिन्याला २बीतून गळणारा सप्लायर दोन टक्के स्वस्त असला तरी कराचे १८ टक्के अडकवून बसतो.

भाववाढीचं कलम टीमने स्वतः लिहायला शिकावं. त्यात आधारमहिना, कोणाचा भाव धरायचा, किती टक्क्यांपुढे बदल लागू, किती महिन्यांनी आढावा आणि कोणत्या वजनावर हे पाचही मुद्दे हवेत. वाढ फक्त धातूच्या वाट्यावर द्या. ९२ रुपयांच्या कास्टिंगमध्ये धातू ५२ रुपयांचा असेल आणि धातू १० टक्क्यांनी वाढला तर वाढ ५ रुपये २० पैसे होते, ९ रुपये २० पैसे नव्हे. हे लिहिलेलं नसेल तर सप्लायर दुसरा आकडा मागतो आणि बायर मधला धरून मोकळा होतो. भाव उतरतो तेव्हा पत्र कोणी पाठवत नाही, त्यासाठी आढाव्याची तारीख डेटावाल्याच्या कॅलेंडरमध्ये असावी.

आता वाटाघाटी

इथवर आलेल्या माणसाला तंत्रं फार लागत नाहीत. लागते ती तालीम. बैठकीच्या आदल्या दिवशी एकाला सप्लायरच्या खुर्चीत बसवा, त्याला खरा ब्रेकअप द्या आणि जमेल तितकं अडवायला सांगा. तिसरा फक्त नोंद घेईल: कोणी आधी आकडा सांगितला, कोणता प्रश्न अर्धवट सुटला, कुठे उगाच सूट दिली.

बैठकीला एक पान न्यावं. त्यावर लक्ष्य किंमत, ज्याच्या वर उठून यायचं ती किंमत, पर्यायी सप्लायर आणि आपण काय देऊ शकतो त्याची यादी. ही शेवटची यादी बहुतेक बायर्सकडे नसते, आणि खरा सौदा तिच्यातच असतो. तीन महिन्यांचं पक्कं शेड्यूल, मोठे लॉट, दुसऱ्या पाळीचं काम, लवकर पेमेंट. उदाहरणार्थ ४५ दिवसांऐवजी १५ दिवसांत पैसे दिले आणि तुमचं कर्ज ९ टक्क्यांचं असेल तर ३० दिवसांची किंमत तुम्हाला ०.७५ टक्के पडते. सप्लायर १५ टक्क्यांनी पैसा उचलत असेल तर त्याची १.२५ टक्के वाचते. मधल्या अर्ध्या टक्क्यात दोघांचंही भलं आहे. फायनान्सची संमती मात्र बैठकीआधी घ्या. कबूल केलेले १५ दिवस एकदा जरी पाळले गेले नाहीत तर पुढच्या वर्षी ही यादी कोणी ऐकून घेत नाही.

सरसकट "सगळ्यांनी पाच टक्के कमी करा" असं पत्र पाठवणं बंद करा. त्याने शहाणे सप्लायर पुढच्या कोटेशनमध्ये आधीच सात टक्के चढवून ठेवतात, आणि भोळे माल हलका करतात.

बचत कोण मोजणार

परचेसने जाहीर केलेली बचत फायनान्सच्या सहीशिवाय धरू नका. धातूचा बाजारभाव उतरला म्हणून रेट उतरला तर ती टीमची कमाई नाही, आणि बाजार आठ टक्के चढला असताना रेट तीनवर थोपवला तर तो आकडा वेगळ्या रकान्यात, पण नोंदवलाच पाहिजे. वाहतूक, जादा तपासणी, रिजेक्शन आणि वाढलेला साठा वजा करून सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. माणसांच्या प्रगतीसाठी रुपयांशिवाय तीन आकडे पुरतात: किती टक्के कोटेशन ब्रेकअपसह आली, शुड-कॉस्ट आणि ठरलेला रेट यांतलं अंतर किती कमी झालं आणि एकाच सोर्सवर असलेले किती पार्ट दोन सोर्सवर आले.

बचतीवर बोनस बांधताना जपून. निव्वळ रेटवर बांधला की बायर सोपी कॅटेगरी सोडत नाही आणि क्वालिटीची बिलं दुसऱ्याच्या खात्यात जातात. एक कॅटेगरी एका माणसाकडे तीन वर्षांपेक्षा जास्त नको. यात त्याच्यावर अविश्वास नाही. ओळखी वाढल्या की प्रश्न विचारायला संकोच वाटू लागतो. दिवाळीची पाकिटं आणि भेटवस्तू घ्यायच्या की नाही याचा लेखी नियम काढा आणि तो मालकाच्या केबिनपासून लागू करा.

कॅटेगरी दुसऱ्याकडे देताना, किंवा माणूस नोकरी सोडताना, हातात फाइल हवी: सप्लायरांची यादी मशीनांसह, प्रत्येक मोठ्या पार्टचा शेवटचा शुड-कॉस्ट आणि मान्य झालेला ब्रेकअप, शॉपवरच्या भेटींची पानं, टूलची यादी असेट नंबरांसह, भाववाढीची कलमं आणि आढाव्याच्या तारखा, फसलेल्या ट्रायल आणि त्यांची कारणं. व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेले रेट यात येत नाहीत, म्हणून ते ईमेलवर पक्के करून घेतल्याशिवाय पीओ सोडायची नाही. ही फाइल शेवटच्या आठवड्यात बनवायला बसलं तर अर्धी रिकामी राहते, म्हणून दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तासभर तिच्यासाठी ठेवा, आणि निघणाऱ्या व येणाऱ्या माणसाने किमान तीन मोठ्या सप्लायरांना एकत्र भेट द्यावी.